फुफ्फुसाचं बीपी: आत्याच्या वेळी आम्ही केल्या त्या चुका टाळा

राजवाड्यावरून सराफ्यात जाताना आत्या दर चार दुकानांनी थांबायची, शोकेसमधल्या बांगड्या बघायची. आम्हाला वाटायचं हौस आहे. नंतर कळलं की बांगड्या-बिंगड्या काही नाही, बाई श्वास घ्यायला थांबत होती आणि सांगायला लाजत होती. "दम फुलतो रे जरा" एवढंच म्हणायची, त्यावर आम्ही सगळे शहाणे की वय झालं, वजन वाढलं, पोहे-जलेबी कमी कर. मग कोणीतरी दमा म्हणून पंप दिला, तोही सहा महिने ओढला. पायाला सूज येऊन जोडवी रुतायला लागली तेव्हा कुठे इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. म्हणजे पहिली चूक हीच, चढावर दम लागणं, पाय सुजणं, चक्कर येणं हे सगळं वयाच्या खात्यात टाकून मोकळं होणं.

दुसरी चूक माझी स्वतःची. रिपोर्टवर पल्मनरी हायपरटेन्शन वाचलं आणि मी म्हटलं, अरे पण आत्याचं बीपी तर १२०/८० आहे! दंडाला पट्टा बांधून मोजतात ते बीपी वेगळं. हे प्रेशर हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसात रक्त नेणाऱ्या नळीतलं, ते दंडावर कळतच नाही, आणि घरातली बीपीची गोळी त्यावर चालत नाही. त्या नळीतलं सरासरी प्रेशर एरवी १४ च्या आसपास असतं, २० च्या वर गेलं की या आजाराचं नाव लागतं (जुन्या कागदांवर २५ दिसेल, २०१८ मध्ये तज्ज्ञांनी ते २० वर आणलं).

आता इथेच पुढचा घोळ. इकोवर आरव्हीएसपी (हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं प्रेशर) ५८ लिहिलं होतं, भावाने मोबाईलवर २० वाचलं, जवळजवळ तिप्पट म्हणाला आणि घरात रडारड सुरू. अहो, ५८ हा वरचा आकडा (१२०/८० मधल्या १२० सारखा), २० ही सरासरी, दोघांची तुलनाच चूक. शिवाय इको तो आकडा झडपेतून होणाऱ्या गळतीवरून अंदाजाने काढतो. खरं मोजमाप राइट हार्ट कॅथमध्ये होतं, मानेतून किंवा जांघेतून बारीक नळी घालून. आम्ही "आता या वयात कशाला टोचाटोची" म्हणून ती टेस्ट दोन महिने टाळली. नका टाळू.

पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन हा एकच आजार आहे असं धरून चालणं. याचे पाच ग्रुप आहेत आणि डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न "ग्रुप कुठला?" हाच. पहिल्यात फुफ्फुसातल्या बारीक रक्तनळ्याच आतून अरुंद होतात, कधी कारण सापडत नाही, कधी घराण्यात असतं, कधी कातडी कडक करणाऱ्या स्क्लेरोडर्मा या आजारामुळे, तर कधी जन्मापासून हृदयाला असलेल्या छिद्रामुळे. दुसरा डाव्या बाजूच्या हृदयामुळे, सगळ्यात जास्त पेशंट यातलेच, आपल्याकडे लहानपणच्या रूमॅटिक तापाने झडप खराब झालेलेही यात येतात. तिसरा फुफ्फुसाच्या आजाराने किंवा ऑक्सिजन कमी पडल्याने, वर्षानुवर्षं विडी किंवा चुलीचा धूर, झोपेत श्वास अडकणारे घोरणारे लोक. चौथा फुफ्फुसात अडकलेल्या रक्ताच्या जुन्या गुठळ्यांचा. पाचव्यात सारकॉइडोसिस वगैरे उरलेली किचकट कारणं.

हे का सांगतोय, तर शेजारच्या काकूंनी प्रेमाने त्यांच्या नात्यातल्या कोणाची सिल्डेनाफिलची पट्टी आणून दिली, "हीच चालते बघ." ती केमिस्टला दाखवली तर आधी त्याने भलत्याच नजरेने बघितलं, कारण वायग्रात हेच औषध असतं. पण मुद्दा तो नाही. ही गोळी पहिल्या ग्रुपमध्ये खरंच कामाची, पण दुसऱ्या ग्रुपच्या पेशंटला फायदा नाही, उलट फुफ्फुसात पाणी भरू शकतं. आणि छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आपल्या घराघरात असते, ती आणि सिल्डेनाफिल एकत्र गेल्या तर बीपी धाडकन खाली येतं. याच आजारावरची दुसरी गोळी बोसेंटान, तीही अशी सहज घ्यायची नाही, लिव्हरची टेस्ट करत राहावं लागतं आणि गरोदरपणात ती चालतच नाही. मुळात या आजारात गरोदरपणच फार जोखमीचं, तरुण बायकांना हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. उसन्या गोळ्या घेऊ नका, बस.

आत्या निघाली चौथ्या ग्रुपची. तिचा सीटी कोणी म्हणालं ठीक आहे, पण जुन्या गुठळ्या सीटीत निसटू शकतात, त्यासाठी व्हीक्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) लागतो, तो नॉर्मल आला तर चौथा ग्रुप जवळपास बाद. आत्याचा नॉर्मल नव्हता. आणि हाच एक ग्रुप आहे ज्यात ऑपरेशनने गुठळ्या काढून प्रेशर बरंच खाली येऊ शकतं, तेही मोजक्याच ठिकाणी होतं. ज्यांचं होत नाही त्यांना फुग्याने नळ्या रुंद करणं आणि गोळ्या, पण रक्त पातळ करायचं औषध सगळ्यांनाच आयुष्यभर.

गुठळ्या आल्या कुठून विचारलं तर आत्या म्हणाली, "गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पोटरी सुजली होती ना, काही महिने गोळ्या दिल्या होत्या." म्हणजे तेव्हा पायात गुठळी झाली होती तर. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, एकाही डॉक्टरला आम्ही सांगितली नव्हती. ते डिस्चार्ज कार्ड गोदरेजच्या कपाटात पैठणीच्या घडीखाली सापडलं. आता फाइलमध्ये सगळ्यात वर तेच लावलंय.