आय-ट्रॅकरचा हेडबँड डोक्यावर चढवताना

वाचताना डोळे कसे फिरतात हे टिपण्यासाठी आमच्याकडे आयलिंक टू नावाचा आय-ट्रॅकर वापरतात. हेडबँडवर डोळ्यांसाठी दोन कॅमेरे, डोक्याची हालचाल पाहणारा तिसरा. सगळं मिळून साधारण 420 ग्रॅम. बरंचसं वजन पुढे, त्यामुळे पट्टा कपाळावरून घसरतो आणि नवं माणूस मागचा स्क्रू पिळत सुटतं. मीही पिळायचे. एका निवृत्त शिक्षिका काकूंनी चाळीस मिनिटं मुकाट्याने वाचलं. पट्टा काढला तर कपाळावर लालभडक वळ! "तुमचं काम अडायला नको म्हणून बोलले नाही गं," म्हणाल्या. त्याची टोचणी अजून आहे.

सुरुवात केसांपासून करा. मागच्या पट्ट्याखाली अंबाडा किंवा क्लिप आली की पाच मिनिटांत टोचायला लागतं. सैल वेणी घालून ती खांद्यावर पुढे घ्यायला सांगा. बोलावतानाच कळवा: डोक्याला तेल नको, काजळ-मस्कारा नको. तेलावर पट्टा सरकतो आणि काजळाच्या काळ्या रेघेला कॅमेरा डोळ्याची बाहुली समजतो. मग आपण नाहक पट्टा आवळत बसतो. टिकली पट्ट्याच्या कपाळावरच्या गादीखाली येत असेल तर तीही काढायला सांगा.

दोन्ही स्क्रू पूर्ण सैल करूनच पट्टा डोक्यावर ठेवा. पुढची गादी कपाळाच्या मधोमध, भुवयांच्या वर. आधी वरचा स्क्रू फिरवून उंची जमवा, वजन टाळूवर येऊ द्या, मग मागचा हलक्या हाताने. आता भुवया उंचवायला सांगा. पट्टा हलला तर गादी खाली आली आहे. आवळू नका, वर सरकवा. केबल सैल ठेवून पाठीमागे कपड्याला चिमट्याने लावा, नाहीतर तिच्या ओढीनेच मान अवघडते.

"त्रास होतोय का?" असं विचारलं की आपल्याकडे "नाही, ठीक आहे" हेच उत्तर येतं. मी विचारते, "काकू, जास्त कुठे दाबतंय, कपाळावर की मागे?" मग लगेच बोट ठेवून दाखवतात.

दर पंधरा मिनिटांनी पट्टा पूर्ण उतरवा. कॅलिब्रेशनचे, म्हणजे स्क्रीनवर एकेक बघून यंत्राला नजर जुळवून देण्याचे, नऊ ठिपके पुन्हा करावे लागतात, दोन-तीन मिनिटं जातात, जाऊ देत. आणि वाचणाऱ्याचा हात कपाळाकडे गेला, तर पंधरा मिनिटांचीही वाट पाहू नका. चालू वाक्य संपलं की थांबवा.