परतीचा टप्पा आधी आखा: छोट्या विमानाने एकट्याने कामाच्या लांब प्रवासाला निघताना

लायसन्स मिळालंय, थोडे तास जमलेत आणि आता कामासाठी स्वतःच विमान घेऊन लांब जायचं मनात आहे, अशा मंडळींसाठी हे लिहितेय. चार्ट, एअरस्पेस, रेडिओ, वेट अँड बॅलन्स (विमानातल्या वजनाचा आणि तोलाचा हिशोब) हे तुम्हाला येतं असं धरून चालते. ते कच्चं असेल तर आधी इन्स्ट्रक्टरला गाठा, हे नंतर वाचा.

सरळ सांगते. जाण्याचा बेत सगळेच नीट करतात. आदल्या रात्री टीएएफ (विमानतळाचा हवामान अंदाज) बघतात, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) चाळतात, इंधनाचा हिशोब दोनदा करतात. परतीच्या टप्प्याचं नियोजन मात्र "तोच मार्ग उलटा" एवढ्यावर संपतं. आणि घोडं पेंड खातं ते इथेच. मीही इथेच अडकले होते, म्हणून याबद्दल जरा जास्तच बोलणार आहे.

आधी वाऱ्याचा हिशोब. समजा विमानाचा वेग 120 नॉट (म्हणजे ताशी 120 नॉटिकल मैल) आणि अंतर 360 नॉटिकल मैल. वारा नसेल तर जायला 3 तास, यायला 3 तास. आता समोरून 30 नॉटचा वारा घ्या. जमिनीवरचा वेग उरला 90, म्हणजे जायला 4 तास. येताना तोच वारा पाठीशी, वेग 150, म्हणजे 2 तास 24 मिनिटं. एकूण 6 तास 24 मिनिटं. "जाताना गेलं ते येताना भरून निघेल" असं क्लबातले लोक बिनदिक्कत सांगतात, पण ते पूर्ण कधीच भरून निघत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ घालवतो. आडवा वारा असला तरी नाक वाऱ्याकडे वळवून धरावं लागतं आणि दोन्ही वेळा थोडा वेग जातो.

ही 24 मिनिटं किरकोळ वाटतात ना? आता कामाचा दिवस त्यावर ठेवून बघा. सकाळी 6 ला उड्डाण, 9 ला उतरणार, साडेदहाला मीटिंग, अडीचला परत निघून साडेपाचला घरच्या धावपट्टीवर. सूर्यास्त सव्वासहाला. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात समोरच्या वाऱ्यामुळे 4 तासांचा टप्पा झाला. एवढा वेळ एका दमात नको म्हणून मध्ये इंधनासाठी उतरलात, त्यात तासभर गेला. पोहोचलात 11 ला. मीटिंग पावणेबाराला सुरू झाली. मग समोरच्यांनी आग्रहाने जेवायला नेलं, मग "आलाच आहात तर प्लँटही बघून जा". विमानाशी परत आलात तेव्हा सव्वाचार वाजलेले. प्रीफ्लाइट तपासणी, धावपट्टीपर्यंत टॅक्सी वगैरे करून पावणेपाचला चाकं उचलली. पाठीशी वारा धरूनसुद्धा सात वाजून गेल्यावर उतरणार, म्हणजे अंधारात. दिवसभरात कुणीही काहीही वेडंवाकडं केलेलं नाही. फक्त प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा वेळ गळाला आणि तो सगळा शेवटच्या टप्प्यावर येऊन बसला.

त्यात वेळेचं आणखी एक त्रांगडं. मीटिंगची वेळ स्थानिक, टीएएफ आणि मेटार (विमानतळावरच्या प्रत्यक्ष हवामानाची नोंद) यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणि सूर्य कुणाचंच ऐकत नाही. पूर्वेकडे परतत असाल तर अंधार तुमच्या अपेक्षेआधी भेटायला येतो. 15 अंश रेखांशामागे एक तास. सूर्यास्ताची वेळ नेहमी जिथे उतरायचं तिथली काढा, जिथून निघताय तिथली नव्हे.

अंधार म्हणजे नुसतं "दिसत नाही" एवढंच नाही. संध्याकाळी तापमान उतरायला लागतं आणि दवबिंदू जवळपास तिथेच राहतो. मेटारमध्ये दुपारी 27/16 (तापमान/दवबिंदू) दिसणारा आकडा संध्याकाळी 19/17 होतो. फरक दोन-तीन अंशांवर आला, वारा पडला, आकाश मोकळं असलं की धुकं धरायला फार वेळ लागत नाही. दुपारी घेतलेलं ब्रीफिंग तोवर शिळं झालेलं असतं. टीएएफ विमानतळाच्या आसपासच्या साधारण 8 किलोमीटरच्या पट्ट्यापुरता असतो, मधल्या दरीत काय चाललंय ते त्यात लिहिलेलं नसतं. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि कॉकपिटमध्ये टॅबलेट पूर्ण उजेडावर ठेवलात तर ती सवय होतच नाही.

इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडवायची परवानगी) नसलेल्यांनी हे नीट वाचा. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात 20 वैमानिकांवर एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडवायचा सराव नसलेल्या या लोकांना, सोबत प्रशिक्षक बसवून, बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवायला लावलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. 16 जुलै 1999 च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनियर (अमेरिकी राष्ट्राध्यक्ष केनेडींचे पुत्र) स्वतः उडवत असलेलं विमान मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळलं. त्या रात्री हवामान कागदोपत्री व्हीएफआरच, म्हणजे बाहेर बघून उडवण्याजोगंच होतं. तपासात कारण निघालं ते रात्री पाण्यावरून उतरताना झालेला दिशाभ्रम. धूसर हवा आणि काळोख हे त्याला हातभार लावणारे घटक. क्षितिजच दिसत नसलं की कायदेशीर दृश्यमानता काही कामाला येत नाही.

घाबरवायचा हेतू नाही. रात्रीचं उड्डाण नीट तयारीने करणारे भरपूर आहेत आणि ते सुंदरही असतं. पण रात्रीचं उड्डाण ठरवून करणं वेगळं आणि मीटिंग लांबली म्हणून त्यात ढकललं जाणं वेगळं.

आता मुख्य मुद्दा, डोक्याचा. विमानाशी परत येता तेव्हा तुम्ही सकाळचे वैमानिक नसता. मला आठवतंय, पार्किंगमध्ये मी कॉलिंग (इंजिनावरचं आवरण) उघडून डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढली, पुसली, परत घातली, झाकण लावलं. दोन पावलं चालले आणि तेल किती होतं ते आठवेना. परत उघडलं. पातळी बघितली, आणि हात चालू असताना डोक्यात समोरच्या माणसाचं वाक्य घोळत होतं, "दराचं जरा बघा." तिसऱ्यांदा झाकणाकडे हात गेला तेव्हा मी कॉलिंग बंद केलं, विमान बांधलं आणि मुक्कामाची सोय शोधायला लागले. वाईट वाटलं का? वाटलं. घरी फोन करताना आवाजही पडला होता.

थकवा हा शब्द आपण फार सैल वापरतो. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सलग 17 तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्याइतकी खालावते. हवामान बघायला पहाटे 4 ला उठलात तर हे 17 तास रात्री 9 ला भरतात. आणि खऱ्या अल्कोहोलबद्दल: जेवणाच्या टेबलावर आग्रह होतोच. अनेक देशांत उड्डाणाआधी किमान 8 तासांचा नियम आहे, पण 8 तास झाले म्हणजे मोकळे असं नाही. "मला उडवायचंय" एवढं सांगितलं की कुणी पुन्हा आग्रह करत नाही.

मग करायचं काय? निघण्याआधीच परतीची "शेवटची वेळ" ठरवायची. उतरण्याच्या ठिकाणचा सूर्यास्त घ्या, त्यातून वाईटात वाईट वाऱ्यातला उड्डाणाचा वेळ वजा करा, आणखी एक तास वजा करा. वरच्या उदाहरणात, वारा फिरून साथ द्यायचा थांबला असं धरलं तर 6:15 मधून 3 तास आणि वर 1 तास, म्हणजे 2:15. (बघा, अडीचला निघायचा मूळ बेतच मुळात काठावरचा होता.) ती वेळ नीबोर्डवर (मांडीवर बांधायच्या लिहिण्याच्या पॅडवर) मोठ्या अक्षरात लिहा, घरच्यांना सांगा आणि ज्यांच्याकडे चाललात त्यांनाही आधीच कळवा. 2:16 झाले की परत जाणं उद्या सकाळी. तिथे उभं राहून नव्याने विचार करायचा नाही, कारण तिथे विचार करणारं डोकं दमलेलं असतं.

हे पाळता यावं म्हणून मुक्काम हा बेताचाच भाग करा. कपडे, औषधं, चार्जर, चाकांचे चोक आणि विमान बांधायचे दोर कायम विमानात. रद्द करता येणारी खोली आधीच बुक करून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी काही महत्त्वाचं काम ठेवू नका. राहायची सोय नसली की माणूस निघायची कारणं शोधतो. मुक्कामामुळे माझं एकही काम बिघडलेलं नाही.

सल्ल्यांबद्दल माझं मत ऐकून घ्या, पटलं नाही तर सोडा. "मी तर असल्या हवेत कितीदा गेलोय" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, तास कितीही असोत. चांगला गुरू किस्से कमी सांगतो, प्रश्न जास्त विचारतो. एअरलाइनमधल्या ओळखीच्यांचा सल्ला जरूर घ्या, पण लक्षात ठेवा, त्यांच्यामागे डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणाचं नियोजन बघणारा) असतो, शेजारी दुसरा वैमानिक असतो. आपल्याकडे दोन्ही नाही. म्हणून एक माणूस नेमा, वैमानिक नसला तरी चालेल. निघण्याआधी त्याने फोनवर तीनच गोष्टी विचारायच्या: शेवटची वेळ किती होती, आत्ता किती वाजले, शेवटचं काय आणि कधी खाल्लंस. हे प्रश्न दुसऱ्याच्या आवाजात ऐकले की उत्तर बदलतं. ऑटोपायलट आणि टॅबलेटवरची मार्ग दाखवणारी गुलाबी रेघ यांना मी शॉर्टकट मानते. हाताला आराम मिळतो, निर्णय मात्र आपल्यालाच घ्यावा लागतो.

बाकीचं भराभर सांगते. इंधनाचा राखीव साठा व्हीएफआरला बऱ्याच ठिकाणी दिवसा 30 मिनिटं, रात्री 45 असा असतो, पण स्वतःसाठी तासभर धरा. टाकीत पाच तासांचं इंधन असलं तरी तुमचं मूत्राशय तेवढं टिकत नाही, टप्पे अडीच तासांचेच आखा. जिथे इंधन घ्यायचंय तिथे आदल्या दिवशी फोन करा: तुमच्या प्रकारचं इंधन आहे का, पंप किती वाजता बंद होतो, आधी परवानगी लागते का. कामाचे नमुने आणि अवजारं घेऊन जाणाऱ्यांनी ती वजनकाट्यावर ठेवूनच मोजावीत. सेसना 172 एस च्या मागच्या सामानाच्या जागेची मर्यादा 54 किलो आहे, दोन अवजड पेट्यांत ती संपते. जाताना मागे ठेवलेली पेटी तिकडेच सोडून आलात तर परतीचा वेट अँड बॅलन्स पुन्हा करावा लागतो, हेही परतीच्या बेतातलंच.

कागदपत्रांचं एक. स्वतःच्या कामासाठी स्वतः उडत जाणं बऱ्याच देशांत खासगी लायसन्सवर चालतं, पण समोरचा म्हणाला, "मलाही सोडा, पैसे देतो," तर तो मामला वेगळा आहे. तिथला नियम वाचल्याशिवाय हो म्हणू नका. नोकरीत असाल तर कंपनीचा विमा तुम्ही स्वतः उडवत असताना लागू होतो का, हे लेखी विचारा.

एकटं उडताना दोन वस्तूंवर खर्च कराच. एक, आवाज करणारा कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर. इंजिनाच्या एक्झॉस्टवर चालणारा हीटर गळायला लागला की हा वायू केबिनमध्ये येतो, वास नाही, रंग नाही, आणि "तू अशी का बोलतेयस?" विचारायला शेजारी कुणी नसतं. दुसरी, 406 मेगाहर्ट्झची पीएलबी (उपग्रहाला मदतीचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र), अंगावरच्या खिशात, बॅगेत नव्हे. विमानात जुना फक्त 121.5 मेगाहर्ट्झचा ईएलटी (विमानात बसवलेलं तसंच संकट-संदेशाचं यंत्र) असेल तर उपग्रह तो 1 फेब्रुवारी 2009 पासून ऐकतच नाहीत.

आणि फ्लाइट प्लॅन भरा, व्हीएफआरला सक्ती नसली तरी. पोहोचण्याच्या वेळेनंतर साधारण अर्धा तास तुमचा पत्ता लागला नाही की चौकशी सुरू होते, म्हणून वाटेत वेळ बदलली तर रेडिओवर कळवा. टॉवर नसलेल्या ठिकाणी उतरलात तर प्लॅन आपोआप बंद होईल या भरवशावर राहू नका. इंजिन बंद केलं की सामान काढण्याआधी, ग्राहकाला फोन करण्याआधी, तो बंद करा.