रोममधल्या जुन्या देवळाचं नाव कसं वाचावं

वसईला आमच्या घरातली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणायची. एखाद्या नव्या देवळाचं नाव निघालं की आईचा पहिला प्रश्न असायचा, "सण कधी असतो त्याचा?" रोममध्ये मी तिचाच प्रश्न घेऊन हिंडले. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

सणाची तारीख बहुधा संताच्या मृत्यूची असते. पहिल्या काळातले ख्रिस्ती लोक रक्तसाक्ष्याच्या, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्या माणसाच्या, मरणाच्या दिवसाला त्याचा जन्मदिवस म्हणत आणि दरवर्षी थडग्यापाशी जमत. इ.स. ३५४च्या एका रोमन पंचांगात अशा दिवसांची यादी आहे आणि तिच्यात दफनाची जागाही दिली आहे. रक्तसाक्षी संत अग्नेस हिची नोंद अशी : २१ जानेवारी, नोमेंताना रस्ता. हा पत्ता आजही चालतो.

त्या पत्त्यावर जा. चर्चमध्ये शिरायला संगमरवरी जिना उतरावा लागतो. दोन्ही भिंतींवर भुयारी दफनभूमीतले शिलालेख लावलेले आहेत. घाई करू नका. हे चर्च जमिनीत खोल का, याचं उत्तर त्या उतरण्यातच आहे. अग्नेसची कबर भुयारात होती. सातव्या शतकात पोप होनोरियस पहिले यांनी चर्च बांधलं तेव्हा कबर वर आणली नाही, चर्चच खाली नेलं. वेदीमागच्या सोनेरी मोझेकमध्ये अग्नेसच्या पायांशी ज्वाळा आणि तलवार आहे. शेजारी होनोरियस चर्चची प्रतिकृती हातात धरून उभे आहेत. मी तिथे बराच वेळ बसले.

पण प्रत्येक नावाखाली कबर असतेच असं नाही. आव्हेंतीन टेकडीवरच्या सांता साबिनात दाराच्या आतल्या बाजूला, वर, निळ्यावर सोन्याची सात ओळींची मोझेक अक्षरं आहेत. मी त्यांत साबिनाचं नाव शोधत राहिले. ते नाहीच! तिथे पोप सेलेस्तीन आहेत आणि चर्च बांधणारा इलिरियाचा पीटर हा धर्मगुरू आहे, 'गरिबांसाठी श्रीमंत, स्वतःसाठी गरीब'. काळ साधारण ४२२ ते ४३२. इ.स. ४९९च्या धर्मसभेच्या सह्यांत या जागेचं नाव नुसतं 'साबिनाचं' असं येतं, ५९५च्या सह्यांत 'संत साबिनाचं'. साबिना बहुधा मूळ जागेची मालकीण किंवा दाती असावी, असं अभ्यासक मानतात. तेव्हा जुन्या नावाआधी 'संत' कधी लागलं, हे जरूर तपासा. यामुळे श्रद्धा कमी होते असं मला वाटत नाही. आपली जागा प्रार्थनेला देणाऱ्या बाईचं नाव दीड हजार वर्षं टिकलं, मला ते फार मोठं वाटतं.

काही नावं तर मृतांची नव्हेतच. रोममधलंच मोठं चर्च, लातेरानची बासिलिका, मुळात तारणाऱ्या ख्रिस्ताला वाहिलेली, बाप्तिस्मा देणारा योहान आणि शुभवर्तमानकार योहान या दोघांची नावं नंतर जोडली गेली. सांता मारिया माज्जोरे उभी राहिली ती ४३१च्या एफेससच्या धर्मसभेनं मरियेला 'देवाची माता' म्हटल्यानंतर लगेचच्या वर्षांत.

तिसरा प्रकार आणलेल्या अस्थींचा, आणि त्यासाठी मिलानला जावं लागेल. ३८६ साली बिशप अँब्रोज नव्या चर्चचं समर्पण करणार होते. लोकांनी आग्रह धरला की आधीच्या एका चर्चचं केलंत तसंच याचंही करा. ते म्हणाले, रक्तसाक्ष्यांचे अवशेष मिळाले तर करीन. उत्खननात गेर्वासियस आणि प्रोतासियस या दोन रक्तसाक्ष्यांच्या अस्थी सापडल्या. वेदीखालची जागा अँब्रोजनी स्वतःसाठी राखली होती, तिची उजवी बाजू त्यांनी या दोघांना दिली. आज तळघरात तिघांचे सांगाडे शेजारी शेजारी आहेत.

बरोबरच्या कुणी विचारलं, "म्हणजे तुम्ही संतांची पूजा करता?", तर त्याच काळातले ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्तीन यांचं उत्तर द्या. रक्तसाक्ष्याच्या देहावर उभारलेल्या वेदीपाशीही धर्मगुरू 'पेत्रा, पौला, हे मी तुला अर्पण करतो' असं म्हणत नाही. अर्पण देवाला, आठवण त्यांची. अँब्रोजना ते अवशेष सापडले तेव्हा ऑगस्तीन मिलानमध्येच होते.

आणि घरी परतल्यावर आपल्या देवळातल्या फादरांना विचारा, आपल्या वेदीत कोणाचे अवशेष आहेत. मी विचारलं तेव्हा त्यांनी वेदीवरचं कापड उचलून मला दगडात बसवलेला लहान चौकोन दाखवला. इतकी वर्षं त्या कापडासमोर गुडघे टेकले होते, पण चौकोन त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.