धावण्यासाठी जीपीएस घड्याळ घ्यावं का? आधी हे करून पाहा

ऑक्टोबरचा उकाडा सरून सकाळी थोडा गारवा आला की नागपुरात फुटाळा, अंबाझरी आणि सेमिनरी हिल्सच्या रस्त्यांवर धावणाऱ्यांची गर्दी वाढते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे असतात, तसे वजन उतरवायला निघालेलेही असतात. महिना-दीड महिना झाला की नवा माणूस सोबतच्या जुन्याला विचारतोच, "दादा, घड्याळ कोणतं घेऊ?"

त्याआधी घ्यायचं की नाही, हे ठरवा. हौसेनं धावणाऱ्यांपैकी काहींना जीपीएस घड्याळाचा चांगला उपयोग होतो, सगळ्यांना होत नाही, आणि सुरुवातीला तर कुणालाच त्याची गरज नसते. माझ्या अनुभवात घड्याळ सर्वांत जास्त कामी येतं ते वेग आवरायला. बहुतेक हौशी मंडळी रोज थोडी जास्तच जोरात पळतात, म्हणून थकतात, गुडघे-पोटऱ्या धरतात आणि मग धावणंच सुटतं. ज्याला हळू पळणं जमत नाही, त्याला हातावरचा आकडा खरोखर मदत करतो.

पहिली पायरी : दीड-दोन महिने घड्याळाशिवाय धावा

आठवड्यातून तीन-चार दिवस, अंतर न मोजता, फक्त वेळेवर धावा. वीस मिनिटं, मग पंचवीस, मग तीस. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, हा वेगाचा निकष. "काल पोरीचा निकाल लागला, चांगले गुण मिळाले" एवढं एका दमात म्हणता आलं तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांनंतर धाप लागली तर हळू व्हा, गरज पडली तर चाला. एकटे असाल तर एखादी कविता म्हणत पळा, पाढे म्हणा, काहीही चालेल.

हे शिकणं टाळू नका. श्वासावरून वेग ओळखता येऊ लागला की पुढे घड्याळाचा आकडा चुकला तर तो चुकलाय हे तुम्हालाच कळतं. आणि आकडे चुकतात.

दुसरी पायरी : खिशातला फोन वापरून पाहा

फोनमध्ये जीपीएस असतंच. धावण्याचं एखादं मोफत अ‍ॅप टाका आणि महिनाभर नोंद ठेवा. अ‍ॅपमध्ये घराच्या आसपासचा भाग नकाशावर लपवण्याची सोय असेल तर ती आधी चालू करा. रोज पहाटे ठरलेल्या वेळी एकट्या धावणाऱ्या ताईंनी तर हे नक्की करावं. आपण कुठून निघतो आणि कधी परततो हे अनोळखी लोकांना कळायचं कारण नाही.

महिन्याच्या शेवटी बघा, तुम्ही ती नोंद उघडून पाहता का? एकूण अंतर बघून पुढचा आठवडा ठरवता का? पाहत असाल तर घड्याळाचा विचार करा. फोन हातात धरून पळणं नको वाटत असेल, किंवा धावता धावता वेग बघायची गरज पडत असेल, तर घड्याळ कामाचं आहे. नोंद उघडलीच नसेल तर पैसे चांगल्या बुटांवर घाला. साधं डिजिटल स्टॉपवॉच आणि एक वही यावर वर्षानुवर्षं छान धावता येतं.

तिसरी पायरी : घड्याळ काय मोजतं ते समजून घ्या

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. घड्याळ त्यांचे संदेश पकडतं, प्रत्येक संदेश यायला किती वेळ लागला यावरून आपली जागा काढतं आणि अशा जागा जोडून अंतर सांगतं. मोकळ्या आकाशाखाली हे चांगलं जमतं. अंबाझरीच्या काठानं पळालात तर नकाशावरची रेघ जवळजवळ रस्त्यावरच असते.

आता वर्धा रोडवर मेट्रो आणि उड्डाणपुलाच्या खालून पळा आणि घरी येऊन नकाशा बघा. रेघ दुभाजक ओलांडून पलीकडे गेलेली दिसेल, कुठे एखाद्या इमारतीवरून गेलेली दिसेल. वरच्या काँक्रीटनं संदेश अडतात, भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि घड्याळ फसतं. मधेच वेग किलोमीटरला ४:३० मिनिटं दिसतो, क्षणात ७:५०. सेमिनरी हिल्सच्या दाट झाडीतही थोडा फरक पडतो. दोन फ्रिक्वेन्सी पकडणारी घड्याळं अशा ठिकाणी बरीच सुधारलेली आहेत, पण पुलाखाली त्यांच्यावरही डोळे मिटून विसंबू नये.

तपासायचं असेल तर मानकापूरच्या क्रीडा संकुलासारख्या ठिकाणी ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनमधून आठ फेऱ्या मारा. ते ३.२ किलोमीटर झाले. घड्याळ थोडं कमी-जास्त दाखवेल, कारण सततच्या वळणांवर त्याची चूक वाढते. तो फरक एकदा पाहिला की किलोमीटरमागे चार-पाच सेकंदांसाठी जीव टाकणं आपोआप थांबतं.

मनगटावरच्या ठोक्यांचंही तसंच. मागचा हिरवा प्रकाश त्वचेखालचं रक्त वाचतो. पट्टा सैल असला तर हाताच्या हलण्याची लय तो ठोके म्हणून मोजतो. श्वास शांत आहे आणि ठोके अचानक १७५ दिसतायत, तर बहुधा तुमची पावलंच मोजली जातायत. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, जरा घट्ट बांधा. नेमके ठोके हवेत तर छातीचा पट्टा घ्या. आणि '२२० वजा वय' हे सूत्र फारच ढोबळ आहे. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला ते १७५ सांगतं, प्रत्यक्षात त्याचे कमाल ठोके दहा-बारांनी सहज वर-खाली असू शकतात. घड्याळातले झोन, म्हणजे ठोक्यांवरून पाडलेले हलके-जोरदार टप्पे, याच सूत्रावर बेतलेले असतील तर त्यांच्यावर हट्ट धरू नका.

कॅलरीचा आकडा हा तर अंदाजच. त्यावर हिशेब करून तर्री-पोह्याची दुसरी प्लेट घेऊ नये. भूक लागली म्हणून खुशाल घ्यावी.

चौथी पायरी : नागपूरच्या उन्हात वेग बघणं सोडा

हे मला सर्वांत कळकळीनं सांगायचं आहे. डिसेंबरात सहज जमणारा ६:३० चा वेग मे महिन्यात, नवतपाच्या दिवसांत, पहाटे साडेपाचलाही जमत नाही. रात्रीसुद्धा हवा पुरती निवत नाही. शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, घामानं पाणी कमी होतं आणि तेवढ्याच वेगाला हृदय जास्त ठोके मारतं. घड्याळाला यातलं काही कळत नाही. ते 'वेग घटला' म्हणतं, काही घड्याळं तर तुमची क्षमता घसरल्याचं सांगतात. घसरलेली नसते, ऊन असतं.

मार्चपासून पाऊस येईपर्यंत स्क्रीनवरून वेग काढून टाका. फक्त वेळ आणि ठोके ठेवा. ठोके नेहमीपेक्षा वर गेले तर चाला. डोकं दुखलं, मळमळलं, अंगावर काटा आला किंवा गरगरलं तर 'अजून ८०० मीटर राहिले' म्हणून ओढू नका. सावलीत थांबा, पाणी अंगावर घ्या, सोबतच्याला सांगा. कोणी गोंधळल्यासारखं बोलू लागलं तर उष्माघात समजून अंग थंड करत लगेच दवाखाना गाठा.

पाचवी पायरी : घ्यायचंच ठरलं तर

दुकानात पहिला प्रश्न हा विचारा : जीपीएस घड्याळात आहे की फोनचं वापरतं? स्वस्त बँडवर बऱ्याचदा 'कनेक्टेड जीपीएस' लिहिलेलं असतं. म्हणजे फोन सोबत न्यावाच लागतो आणि घड्याळ घेण्याचं कारणच उरत नाही.

दुसरं, बटणं हवीत. घामानं चिंब झालेल्या बोटानं किंवा जुलैच्या पावसात टचस्क्रीन ऐकत नाही. तिसरं, जीपीएस चालू असताना बॅटरी किती तास टिकते ते बघा. जाहिरातीतले 'चौदा दिवस' कामाचे नाहीत. पूर्ण मॅरेथॉनला हौशी माणसाला पाच-सहा तास लागतात आणि बॅटरी दरवर्षी थोडी उतरते. नकाशे, गाणी, पैसे भरायची सोय याला जास्त पैसे देऊ नका. मागच्या पिढीचं मॉडेल उतरलेल्या किमतीत मिळालं तर तेच घ्या.

सहावी पायरी : लावायचं कसं, वाचायचं कसं

आदल्या रात्री फोनशी जोडून घ्या, म्हणजे उपग्रहांची ताजी माहिती येते आणि सकाळी सिग्नल लवकर मिळतो. मोकळ्या जागी उभं राहून 'रेडी' दिसल्यावरच निघा. क्षणोक्षणीचा वेग लपवून चालू किलोमीटरचा सरासरी वेग ठेवा. हलक्या दिवसांसाठी 'यापेक्षा जोरात नको' असा इशारा लावा. घड्याळातली ही एक सोय सगळ्यांनी वापरावी असं मला वाटतं. बुटांचे किलोमीटरही नोंदवा, साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला जोड बदलायची वेळ येते.

शर्यतीच्या दिवशी मात्र आपोआप पडणारा लॅप, म्हणजे दर किलोमीटरच्या वेळेची नोंद, बंद करा. अधिकृत मार्ग सर्वांत जवळच्या वाटेनं मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग वाढवतात, म्हणजे मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर. तुम्ही गर्दीत डावी-उजवी करत, वळणं बाहेरून घेत पळता. त्यामुळे अर्धमॅरेथॉनच्या २१.०९७५ किलोमीटरऐवजी घड्याळ २१.३ दाखवतं आणि लोक 'मार्ग चुकीचा मोजला' म्हणून आयोजकांशी भांडतात. किलोमीटरला सात मिनिटांच्या वेगानं साधारण २ तास २८ मिनिटांत पोचायचं ठरवलेल्याला याच वाढीव अंतरात दीड मिनिट जास्त लागतं. म्हणून दर किलोमीटरच्या फलकाशी लॅपचं बटण स्वतः दाबा, वेळ फलकावरून धरा आणि लक्ष्य किलोमीटरमागे पाच सेकंद जलद ठेवून सरावातच त्याची सवय करा.