पगार अपुरा असला तरी या चुका टाळा

ठाण्याजवळच्या दिवा येथील आमच्या महिला बचत गटाचे हिशेब मी २०१८ पासून लिहीत आहे. कर्जाच्या अर्जात ‘कारण’ या रकान्यात सर्वाधिक वेळा आढळणारे शब्द म्हणजे ‘अचानक आलेला खर्च’. प्रत्यक्षात विचारले, तर शाळेची फी, भाडेकराराची संपलेली मुदत, गणपतीला गावी जाणे आणि दिवाळी एवढेच त्यातून निघते. जून दरवर्षी मे महिन्यानंतरच येतो आणि गणपतीची तारीख वर्षभर दिनदर्शिकेत भिंतीवर टांगलेली असते. त्याला अचानक का म्हणावे, हे मला आजवर उमगलेले नाही.

अर्थात, ही चूक आम्हीही केली आणि चांगली महागात पडली. यजमान तेव्हा वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्यात होते आणि घरात सोळा हजार रुपये येत. मे २०१७ मध्ये खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपला आणि मालकांनी खोली भाच्याला द्यायची असल्याचे सांगितले. नव्या खोलीसाठी वाढीव डिपॉझिट, दलालाला एक महिन्याचे भाडे, कराराचा खर्च आणि टेम्पो, तर दुसरीकडे दोन मुलांचे गणवेश, वह्या आणि रेनकोट, असे सारे पंधरा दिवसांत अंगावर आले. जुने डिपॉझिट मात्र रंगाचे पैसे कापून दोन महिन्यांनी हातात पडले. चाळीतल्या एका गृहस्थांकडून आम्ही तीस हजार रुपये शेकडा पाचने घेतले. शेकडा पाच ऐकायला किरकोळ वाटते, परंतु ते महिन्याचे असते, म्हणजे वर्षाला साठ टक्के. पहिल्या महिन्याचे व्याज आधीच कापून त्यांनी हातावर २८,५०० रुपये ठेवले. त्यानंतर दरमहा दीड हजार जात राहिले आणि २०१८ च्या दिवाळीपर्यंत सतरा महिन्यांत २५,५०० रुपये देऊनही मूळ तीस हजार जागचे हलले नव्हते. राज्यात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे आणि परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, हेही आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. शेवटी त्या दिवाळीचा बोनस आणि गटाचे कर्ज मिळून ते प्रकरण मिटले. गटाचा शेकडा दोनचा दरही स्वस्त नाही. मात्र आमच्याकडे मुद्दल कमी होईल तसे व्याज उतरते आणि ते व्याज सभासदांच्याच पेटीत पडते.

तेव्हापासून माझी पद्धत एकच आहे. दिनदर्शिकेच्या मागील बाजूस वर्षातून एकदाच येणारे सगळे खर्च मी लिहून काढते. समजा, घर बदलण्यासाठी चौदा हजार, शाळेसाठी सात, गणपतीच्या प्रवासाला सहा आणि दिवाळीला तीन, असे तीस हजार झाले, तर महिन्याला अडीच हजार बाजूला पडलेच पाहिजेत. तेवढे जमत नसतील तर यादीतले काय गाळायचे, हे जानेवारीत ठरवता येते. जूनमध्ये येत नाही. हे पैसे मी पोस्टाच्या बचत खात्यात ठेवते. तेथे किमान ५०० रुपये शिल्लक ठेवावे लागतात. त्या खात्याचे एटीएम कार्ड मी मुद्दामच घेतलेले नाही. काढायला रांगेत उभे राहावे लागते, हाच माझ्या लेखी त्या खात्याचा सर्वांत मोठा गुण आहे. मोबाइलवर दोनदा बोट टेकवून निघणारे पैसे आमच्या घरात कधी टिकले नाहीत.

याच ठिकाणी उतावळ्या मंडळींची दुसरी चूक होते. बचत करायची म्हणून त्या थेट पोस्टाचे आवर्ती खाते, म्हणजे आरडी, उघडतात आणि पुढच्या जूनमध्ये ते मोडायला जातात. पोस्टाच्या आरडीची मुदत पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत ती बंद करता येत नाही. ती लांबच्या गरजेसाठी उत्तम आहे; शाळेच्या वह्यांसाठी बँकेची बारा महिन्यांची आरडी पाहावी.

क्रेडिट कार्डाच्या ‘मिनिमम ड्यू’बद्दल, म्हणजे बिलापैकी किमान भरावीच लागणाऱ्या रकमेबद्दल, मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. ठाण्यातील एका मॉलमध्ये काम करणारी आमच्या गटातील एक मुलगी वर्षभर नियमाने बिलाची तेवढीच किमान रक्कम भरत होती आणि तरीही थकबाकी तेवढीच कशी, असे विचारत माझ्याकडे आली. “ताई, मी एकही तारीख चुकवलेली नाही,” असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ते खरे होते. वीस हजारांच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के दराने सातशे रुपये व्याज आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे १२६ रुपये धरले, तर तिने भरलेल्या हजारातून मुद्दलात गेले फक्त १७४ रुपये. शिवाय मागची बाकी पूर्ण फिटत नाही तोवर नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणून त्या महिन्यातल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढले. आम्ही कार्ड कापून टाकले आणि गटाच्या कर्जातून ती बाकी एकरकमी भरली. कमी दराच्या कर्जाने जास्त दराचे कर्ज फेडणे मला पटते, परंतु आधी कात्री चालवल्याशिवाय मी सही करत नाही.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. गरजा, हौस आणि बचत यांसाठी पगाराचे पन्नास, तीस आणि वीस टक्के असे वाटे पाडण्याचा नियम बावीस हजारांच्या घरात लावू नये. भाडे, किराणा आणि रेल्वेचा पास एवढ्यातच ते गणित कोलमडते. वाशीच्या घाऊक बाजारातून कांद्याची गोणी आणण्याचा सल्ला देणाऱ्यांकडे ती पसरायला गॅलरी असते. आमच्या खोलीत पावसाळ्यात निम्म्या कांद्यांना कोंब फुटले. नोकरी पक्की असेल तर तीन महिन्यांचा पास काढावा, कारण तीन मासिक पासांपेक्षा तो स्वस्त पडतो. पैसे तांदळाच्या डब्यात ठेवणाऱ्यांना नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीची आठवण पुरेशी आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेच्या अपघात विम्याचे २० आणि जीवनज्योती या आयुर्विम्याचे ४३६ रुपये मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून कापले जातात. नेमकी तेव्हाच शिल्लक नसल्याने दोन-दोन लाखांचे संरक्षण गमावलेली घरे मी पाहिली आहेत. सुनेचे आणि बाळाचे नाव शिधापत्रिकेवर वेळीच चढवावे, कारण महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रुग्णालयात तीच मागतात.

भाड्याच्या खोलीत मालकाने लावलेला विजेचा सबमीटर असेल, तर एक तारखेला त्याचा आकडा स्वतः उतरवून घ्यावा आणि मालकासमोर वहीत लिहावा. मी त्याचा फोटोही काढते. मागील वर्षी त्या फोटोमुळे आमचे चाळीस युनिट परत मिळाले.