भंगारवाल्याला दिलं म्हणजे सुटलो? धंद्याच्या कचऱ्यातल्या या चुका टाळा

जळगाव असो की धुळ्याजवळचं अवधान, एमआयडीसीतल्या लहान युनिटची मागची भिंत बघितली की मालकाची सवय कळते. ऑफिसात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लॅमिनेट करून लावलेलं असतं. मागे मात्र रिकामे ड्रम उन्हात पडलेले, काळ्या ऑइलचे कॅन उघडे, आणि एका कोपऱ्यात राख. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "भंगारवाला येतो ना, घेऊन जातो सगळं."

या एका वाक्यातून बाकीच्या बहुतेक चुका निघतात. पत्रा, पुठ्ठा, लोखंडाचा चुरा भंगारवाल्याला खुशाल द्या, तो त्याचाच माल आहे. पण घातक कचरा उचलायला त्याच्याकडे प्राधिकारपत्र, म्हणजे मंडळाची लेखी परवानगी, नसतं. 2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे चुकीच्या विल्हेवाटीमुळे पर्यावरणाचं किंवा तिऱ्हाइताचं नुकसान झालं तर कचरा निर्माण करणारा कारखानदार त्याला जबाबदार असतो. माल गेटबाहेर गेला म्हणून नाव पुसलं जात नाही.

रिकामा ड्रम "रिकामा" समजणं

सगळ्यात जास्त राग येतो तो या चुकीचा, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो.

200 लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम रिकामा झाला की तो विकायची घाई होते, कारण लगेच रोख पैसे मिळतात. पुढचा प्रवास खानदेशात सगळ्यांना माहीत आहे. भंगारवाला ड्रमवर पाण्याचा पाइप मारतो, लेबल खरवडतो आणि बाजाराच्या रस्त्याला ड्रम मांडून ठेवतो. उन्हाळ्यात जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे घरोघरी साठवणीला ड्रम लागतोच. एखादी बाई घासाघीस करून तो घेते, साबणाने दोनदा धुते, वास गेला असं वाटलं की पाणी भरते. मग मे महिन्यात ड्रम अंगणात तापला की वास परत येतो. प्लास्टिकच्या भिंतीत सॉल्व्हंट किंवा कीटकनाशक मुरलेलं असतं आणि उष्णतेने ते हळूहळू पाण्यात उतरतं. ते पाणी लेकरं पितात. ड्रम विकणाऱ्या कारखान्याला याचा पत्ताही नसतो, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं चालू राहते.

नियमांच्या पहिल्या अनुसूचीत 33.1 या क्रमांकाखाली घातक रसायन लागलेले रिकामे ड्रम, डबे आणि आतल्या पिशव्या स्पष्ट लिहिलेल्या आहेत. म्हणजे रिकामा ड्रम हा स्वतःच घातक कचरा आहे. तो अधिकृत ड्रम पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा.

माझ्या हिशोबाने पद्धत अशी ठेवा. ड्रम आधी पूर्ण निथळवा, तिरका करून शेवटचा थेंब वापरात घ्या. तुम्ही पैसे मोजलेला माल आहे तो. मग पाण्यात विरघळणारं रसायन असेल तर दर वेळी साधारण 20 लिटर पाणी घालून, झाकण लावून, ड्रम आडवा लोळवून तीन वेळा धुवा. हे साठेक लिटर पाणी पुढच्या बॅचमध्ये चालत असेल तर तिथे वापरा, नाहीतर सांडपाणी प्रक्रिया प्लँटमध्ये सोडा. गटारीत सोडलं तर धुण्याचा काही अर्थ उरत नाही. प्लँट नसेल तर धुवूच नका; ड्रम बंद करून तसाच अधिकृत माणसाकडे पाठवा.

दोन अपवाद नीट लक्षात ठेवा. फोमच्या कामातलं आयसोसायनेट पाण्याशी रिॲक्शन करून गॅस सोडतं. त्यात पाणी घालून झाकण घट्ट लावलं तर ड्रम फुगतो, फाटतो. आणि थिनर किंवा सॉल्व्हंटच्या लोखंडी ड्रमला गॅस कटर वा ग्राइंडर लावायचा नाही, कधीच नाही. आत द्रव दिसत नसला तरी वाफ असते आणि एका ठिणगीत स्फोट होतो. "अर्ध्या मिनिटाचं काम आहे" म्हणून असा ड्रम कापायला घेणारा नवखा कामगार दिसला तर हातातलं काम टाकून त्याला थांबवा.

प्रत्येक ड्रमवर पेंटने नंबर टाका आणि वहीत लिहा: काय होतं, कधी रिकामा झाला, कुणाला दिला. धुतलेला प्लास्टिक ड्रम तोडून, वितळवून पुन्हा प्लास्टिकचा दाणा करायलाच जाणार असेल तर हातकरवतीने दोन ठिकाणी कापा. भाव कमी येईल, येऊ द्या. त्यात कुणी पाणी तरी भरणार नाही.

कृषी केंद्रवाल्यांनी आणि केळी-कापसाच्या बागायतदारांनीही हेच करायचं. औषधाचा कॅन एक चतुर्थांश पाणी भरून तीनदा हलवायचा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं आणि कॅनला भोक पाडायचं. विहिरीच्या काठावर कॅन धुऊ नका.

जाळी जाळणं

जळगावचा प्लास्टिकचा धंदा, म्हणजे चटई, पाइप, ठिबकच्या नळ्या, यातला काही भाग जुन्या प्लास्टिकच्या दाण्यावर चालतो. दाणा करताना एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या मशीनच्या, तोंडाशी तारेची जाळी असते. माल घाण असला की ती लवकर चोक होते आणि एका पाळीत अनेकदा बदलावी लागते. मग चिकटलेलं प्लास्टिक काढायला या जाळ्या रात्री मागच्या बाजूला पेटवतात, सकाळी झटकून पुन्हा वापरतात.

त्या धुरात पीव्हीसीचा तुकडा असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषारी रसायनं निघतात. थंडीत रात्रीचा धूर वर जात नाही, जमिनीलगतच साचतो आणि शेजारच्या वस्तीत उतरतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2016 च्या आदेशाप्रमाणे उघड्यावर कचरा जाळण्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणात जाळण्याला 25,000 रुपये भरपाई आहे. पण धुराचा प्रश्न दंडाने सुटत नाही, तो मालाच्या निवडीतच सोडवावा लागतो.

जाळी लवकर चोक होते कारण छाटणी आणि धुणं घाईत उरकलं जातं. एक टाकी पाण्याची ठेवा. पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई पाण्यावर तरंगतात, पीव्हीसी बुडतं. बुडालेलं सगळं बाजूला काढा. त्यात पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) निघेल, भुकटी भरलेलं पॉलिप्रॉपिलीनही निघेल, तरी सगळंच वेगळं ठेवा. पीव्हीसी चुकून एक्स्ट्रूडरच्या बॅरलमध्ये (तापलेल्या नळीत) गेलं तर त्या तापमानाला ते कुजतं, माल काळा पडतो आणि निघालेलं आम्ल स्क्रू व बॅरल खातं. म्हणजे पाण्याच्या टाकीचा खर्च मशीन वाचण्यातच वसूल होतो. धुण्याच्या पाण्यात माती-गाळ फार येतो, त्याला आधी एक खड्डा-टाकी द्या आणि वरचं पाणी फिरवून वापरा. काढलेला गाळ नाल्यात टाकू नका.

जाळी साफ करायचीच असेल तर बंद भट्टी आणि धूर धुऊन साफ करणारा स्क्रबर लागतो. एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच युनिटांनी मिळून, मंडळाच्या परवानगीने, एक भट्टी बसवावी. मशीनच्या तोंडातून पडलेले लम्प, म्हणजे प्लास्टिकचे गोळे, मात्र जाळायचं काहीच कारण नाही. फोडून ग्राइंडरला लावा, परत दाणा होतो.

काळं ऑइल सेंट्रिंगवाल्याला देणं

गॅरेज, ट्रान्सपोर्ट, जनरेटरवाले, सगळ्यांची ही सवय. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला, नाहीतर अंगणातली धूळ बसवायला जळकं ऑइल दिलं जातं. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात 5.1 क्रमांकावर आहे आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं. त्यात कूलंट, ब्रेक ऑइल, थिनर मिसळू नका, नाहीतर तोही घेत नाही. दोन वेगळे कॅन, दोन वेगळी नरसाळी, बस. फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवा.

काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ओतलेलं ऑइल किंवा ॲसिड त्या भेगेतून खोल उतरतं. "मुरून जातं" असं जे म्हणतात, ते मुरून पुढे विहिरीकडेच जातं.

गाडी भरली म्हणजे काम झालं असं मानणं

घातक कचऱ्याच्या गाडीबरोबर सात प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे मालाचं वाहतूकपत्र, असतं. पांढरी प्रत तुम्ही मंडळाला पाठवायची, पिवळी वाहतूकदाराच्या सहीने तुमच्याकडे राहते, आणि माल पोचल्यावर स्वीकारणाऱ्याने सही केलेली निळी प्रत तुम्हाला परत यायला हवी. ही निळी प्रतच माल पोचल्याचा पुरावा आहे, आणि फाइलमध्ये नेमकी तीच नसते. नोंद ऑनलाइन होत असली तरी पोच बघायची सवय सोडू नका. गाडी गेल्यावर कॅलेंडरवर पंधरा दिवसांनंतरच्या तारखेला खूण करा. त्या दिवशी पोच नसेल तर फोन करा.

कचरा घेणाऱ्याचं प्राधिकारपत्र मागताना तीन गोष्टी वाचा: तुमच्या कचऱ्याचा वर्ग त्यात आहे का, प्रमाण किती, मुदत कधी संपते. झेरॉक्स बघून मान डोलवणारे फार. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची सामायिक विल्हेवाट केंद्रं आहेत. खानदेशातून भाडं जास्त पडतं हे खरं, म्हणून शेजारच्या युनिटांबरोबर तारीख ठरवून गाडी बोलवा. मॅनिफेस्ट मात्र प्रत्येकाचं वेगळं.

नव्वद दिवस विसरणं

घातक कचरा 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वर्षाला 10 टनांपर्यंत कचरा असलेल्या लहान युनिटला मंडळ 180 दिवसांपर्यंत मुदतवाढ देऊ शकतं, पण ती मागावी लागते. पहिला मगभर कचरा कॅनमध्ये ओतला त्याच दिवशी तारीख टाका, भरल्यावर नाही. लेबल पिवळं, अक्षरं लाल, आणि मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही भाषांत.

शेड पत्र्याचं असेल तर हवा खेळती हवी. 45 अंशांत काठोकाठ भरलेला ड्रम फुगतो, म्हणून दहावा हिस्सा रिकामा सोडा. खाली काँक्रीट, भोवती बांध असा की सगळ्यात मोठं भांडं फुटलं तरी बाहेर थेंब जाऊ नये. पेंटच्या आणि जवसासारख्या तेलाच्या चिंध्या ढिगाने ठेवू नका, आपोआप पेटतात. झाकणाचा लोखंडी डबा वापरा. कापसाच्या जिनिंगमध्ये तर यात तडजोड नकोच.

बाकीच्या, थोडक्यात

शेव-फरसाण, भजीच्या तेलात एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापून तयार होणारे) 25 टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरता येत नाही. दिवसाला 50 लिटरच्या वर तेल लागत असेल तर नोंद ठेवावी लागते. उरलेलं तेल हातगाडीवाल्याला विकू नका, बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्याला द्या.

हॉटेल आणि मंगल कार्यालयांनो, दिवसाला 100 किलोच्या वर कचरा म्हणजे तुम्ही मोठे कचरा निर्माते. घंटागाडीवर भार टाकू नका, ओला कचरा आवारातच जिरवा.

120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग 31 डिसेंबर 2022 पासून बंद आहेत. "जुना स्टॉक आहे" हे कारण आता चालत नाही.

बॅटरी जुनी झाली की विक्रेत्यालाच परत. ॲसिड ओतून शिसं विकणं हा गुन्हाही आहे आणि विषही.

ट्यूबलाइट फोडू नका, आत पारा असतो. आख्खी, पुठ्ठ्यात गुंडाळून, नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे.

दवाखाना घातला असेल, किंवा कारखान्यातच सुया वापरल्या जात असतील, तर तो जैववैद्यकीय कचरा झाला. प्रक्रियेविना 48 तासांच्या वर ठेवायचा नाही.

डाळ मिलची चुनी-टरफल आणि जिनिंगची काडी जाळणाऱ्यांना काय म्हणावं! एक गुरांचं खाद्य, दुसरं खत.

वार्षिक विवरणात शून्य लिहिणं

घातक कचऱ्याच्या वार्षिक विवरणाचा नमुना 4 दर वर्षी 30 जूनच्या आत भरायचा असतो. एजंट घाईत "निरंक" लिहून मोकळा होतो आणि मालक न वाचता सही करतो. पण ऑइल खरेदीची बिलं तुमच्याच फाइलमध्ये असतात. वर्षभरात 400 लिटर ऑइल आत आलं आणि बाहेर काहीच गेलं नाही, हे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. 1 एप्रिल 2024 पासून पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड 10,000 पासून 15 लाख रुपयांपर्यंत आहे. एप्रिलमध्येच खरेदीची बिलं, ड्रमची वही आणि निळ्या प्रती एका टेबलावर मांडा, तिन्हींचा मेळ बसेपर्यंत एजंटला फॉर्म भरू देऊ नका.