१९५३ची फायनल मैदानावर कशी उतरवायची

मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात पी.टी. शिकवतो. तालुका स्पर्धेच्या आधी दरवर्षी दोन दिवस काढून पोरापोरींना एक जुनी मॅच शिकवतो. इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेची फायनल, २ मे १९५३, लंडनचं वेम्बली. ब्लॅकपूल ४, बोल्टन ३. लोक तिला ‘मॅथ्यूज फायनल’ म्हणतात. पण लेकरांना शिकवायची असेल तर नजर बोल्टनच्या डाव्या बाजूवर ठेवा. मॅच तिथं फिरली.

आधी व्हिडिओ. मोबाइलवर दाखवू नका, मागच्या बाकावरच्यांना काही दिसत नाही. वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या बांधा, भिंतीवर पांढरी चादर ताणा आणि प्रोजेक्टर लावा. आमच्याकडं लाइटचा भरवसा नसतो, म्हणून क्लिप आधीच पेन ड्राइव्हमध्ये घेऊन ठेवा. आवाज बंद. दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. पहिल्या वर्षी मी होतं नव्हतं ते सगळं दाखवलं, तर अर्धा वर्ग पेंगला. चित्र काळंपांढरं आहे, त्यामुळं सुरुवातीलाच सांगून टाका: पांढरे शर्ट बोल्टनचे, गडद शर्ट ब्लॅकपूलचे. ब्लॅकपूलचा खरा रंग नारिंगी.

गोष्ट थोडक्यात सांगा. स्टॅनली मॅथ्यूज ब्लॅकपूलचा उजवा विंगर, म्हणजे उजव्या कडेनं हल्ला करणारा, वय ३८. “तुमच्या पप्पांएवढा,” असं म्हटलं की वर्ग सरळ बसतो. १९४८ आणि १९५१ अशा दोन फायनल तो हरला होता. बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाऊसनं दुसऱ्याच मिनिटाला गोल केला. ब्लॅकपूलच्या मॉर्टेनसननं बरोबरी केली, पण हाफ टाइमच्या आधी मॉयरनं बोल्टनला पुन्हा पुढं नेलं. मग ५५व्या मिनिटाला बोल्टनच्याच एरिक बेलनं हेडर मारून ३-१ केलं. इथं व्हिडिओ थांबवा.

बेलची मांडीची शीर कधीच धरलेली होती. त्या काळी बदली खेळाडू मिळत नव्हता. बाहेर काढला असता तर संघ दहा जणांचा झाला असता, म्हणून लंगडत्या बेलला पुढं विंगला पाठवलं आणि त्याच्या जागी, लेफ्ट हाफला (बचावाच्या जरा पुढची डावी जागा), हॅसल हा फॉरवर्ड मागं आणला. लंगडणाऱ्या माणसानं डोक्यानं गोल केला, हे मुलांना मनापासून आवडतं. आवडू द्या. पण लगेच सांगा की आज आपण असं खेळवत नाही. स्पर्धेत लेकरं दुखणं लपवतात, संघातून काढतील या भीतीनं. बेलची गोष्ट सांगितली की कोणाची मांडी दुखते, कोणाची पोटरी, ते हात वर करून सांगतात. माझ्यासाठी या तासाचा अर्धा फायदा हाच आहे.

आता मैदान. आमचं मैदान काळ्या मातीचं आहे. उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल. म्हणून हा सराव दिवाळीनंतर घ्या, जमीन बसलेली असते. अख्खं मैदान आखत बसू नका. एक गोल, त्याच्यापुढचा पेनल्टी बॉक्स आणि ब्लॅकपूलची उजवी कड, एवढ्यालाच फक्की मारा. बॉक्सची कड ते टचलाइन (मैदानाच्या बाजूची रेष) यांच्यामधला पट्टा ठळक आखा.

हल्ल्याला चार जण: विंगर मॅथ्यूज, त्याला चेंडू पुरवणारा एर्नी टेलर, मधला मॉर्टेनसन आणि लांबच्या डाव्या बाजूला बिल पेरी. बचावाला गोलकीपर आणि तिघं: लेफ्ट बॅक (डावा बचाववाला) राल्फ बँक्स, मध्ये बॅरास, आणि लेफ्ट हाफच्या जागी हॅसल. हॅसल म्हणून तुमचा एखादा फॉरवर्डच उभा करा, ज्यानं बचाव कधी केलेला नाही. चूक कुठं होते ते त्याला स्वतःला कळू द्या. दहा मिनिटं साधं खेळवा. मग शिट्टी मारून बँक्सला सांगा, “तुझ्या पोटरीत गोळा आलाय, आता फक्त चालायचं.” खऱ्या बँक्सलाही मॅचच्या शेवटी गोळे आले होते.

चालीवर इथं वेळ घालवा. मॅथ्यूज चेंडू घेऊन बँक्सच्या अगदी समोर जायचा, अंग डावीकडं झुकवायचा, बचाववाल्याचं वजन त्या पायावर गेलं की उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं चेंडू ढकलून गोललाइनकडं निघायचा. हे आधी चेंडूशिवाय करून घ्या. नुसता खांदा पाडायचा आणि बाहेरचं पाऊल टाकायचं. वीस वेळा. मग चेंडू द्या.

त्यानंतर तीन गोल, एकेक करून. ६८व्या मिनिटाला मॅथ्यूजचा क्रॉस गोलकीपर हॅन्सनच्या हातात टिकला नाही आणि मॉर्टेनसननं तो आत लोटला. ८९व्या मिनिटाला बॉक्सच्या बाहेरून मॉर्टेनसनची थेट फ्री किक, ३-३, त्याची हॅट्ट्रिक. आणि जादा मिनिटांत मॅथ्यूज गोललाइनपर्यंत गेला, घसरता घसरता चेंडू मागं दिला, तो मॉर्टेनसनच्या मागून गेला आणि पेरीनं मारला. या शेवटच्या गोलाला पेरीवाल्या मुलाला उशिरा धावायला लावा. सगळे गोलकडं पळतात. चेंडू मागं येतो तिथं कोणीच नसतं. गणितच तेवढं आहे.

(पोरांना आवडणारी एक गोष्ट: ब्लॅकपूलचा मॅनेजर जो स्मिथ १९२३ साली वेम्बलीवरची पहिली फायनल बोल्टनचा कॅप्टन म्हणून जिंकला होता. म्हणजे त्या दिवशी तो आपल्याच जुन्या संघाविरुद्ध बसला होता.)

शेवटी बाजू बदला. मॅथ्यूज झालेल्या प्रत्येकाला पाच मिनिटं तरी बँक्स करा. मागच्या वर्षी आठवीतली आमची लेफ्ट बॅक बँक्स झाली. चालायची सक्ती केल्यावर तिनं विचारलं, “सर, पळायचं नाही, तर मग त्याच्या मागं कामून जाऊ?” विंगर बाहेरून निघाला तशी ती त्याला सोडून चालत आत आली आणि चेंडू मागं येतो त्या जागेवर उभी राहिली. हॅसल झालेल्या पोराला ओरडून म्हणाली, “तू कडेला जा, आत मी हाय.” पास थेट तिच्या पायात आला.

असं झालं की शिट्टी मारा, सगळ्यांना जागच्या जागी थांबवा आणि तिलाच बोलू द्या, ती तिथं का उभी राहिली ते.